अंगावरून जास्त दिवस जायलंय? दवाखान्यात काय झालं ते लिहा

ताईंनो, माझ्या धाकट्या जावेची पाळी आली की थांबायचं नावच घेत नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, धण्याचं पाणी दे, शेजारच्या म्हणतात पिशवी काढून टाक, मोकळी होशील. वय तिशीच्या आतलं आहे हो तिचं! डॉक्टरांनी काय विचारलं, कोणत्या टेस्ट केल्या, शेवटी कारण काय निघालं, सगळं लिहा. आपल्या मराठवाड्यातलंच सांगा.

परभणीची शिक्षिका
मला वर्गात खुर्चीवरून उठायची भीती वाटायची, मागं डाग पडला असेल म्हणून ओढणी कमरेला बांधूनच फळ्याकडं जायचे. डॉक्टरीणबाईंनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली, मला राग आला, पण त्या म्हणाल्या गर्भ नळीत राहिला तरी असंच रक्त जातं आणि ते जिवावर बेततं. मग सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी. पिशवी एकदम चांगली, थायरॉइड बिघडलेलं! सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू केली आणि हळूहळू पाळी ताळ्यावर आली. पिशवी काढली असती तरी थायरॉइड तसंच राहिलं असतं, याचा विचार करा.

बीड जिल्हा, आईचं लिहायलेय
आई-दादा ऊसतोडीला जायचे. फडात ना आडोसा ना पाणी, एकच कापड दिवसभर, आणि दुखलं म्हणून बसली की खाडा, मुकादम पैसे कापणार. अंगावरून जास्त जाऊ लागलं तर एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी बघून सांगितलं पिशवीला सूज आहे, काढा नाहीतर कॅन्सर होईल. गोळ्या देऊन बघू असं कुणी म्हणलंच नाही, तुकडा काढून तपासणं तर लांबच. उचल घेऊन ऑपरेशन केलं. अंडाशयं पण काढलीत हे मला नंतर कागद वाचताना कळलं. वय चाळीसच्या आत आणि अंगातून गरम वाफा, कंबर धरलेली, तरी कोयता सुटला नाही. आमच्या जिल्ह्यातल्या अशा ऑपरेशनांवर 2019 ला सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पण माझ्या आईची पिशवी त्याआधीच गेलेली. ताई, तुमच्या जावेला कुणी पहिल्याच भेटीत काढा म्हणलं तर फाइल उचला आन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

लातूर
मला पिशवीत फायब्रॉइडच्या (साध्या, कॅन्सर नसलेल्या) गाठी होत्या. पाळीत रक्त कमी करायच्या गोळ्या दिल्या, नंतर हार्मोनवाली तांबी बसवली. साधी तांबी वेगळी बरं का, तिनं उलट जास्त जातं काहींना. पहिले काही महिने मधेमधे डाग लागायचे, मन धास्तावायचं, आता निवांत आहे. पण गाठ कुठं आणि केवढी यावर असतं सगळं, माझ्यावरून ठरवू नका.

नांदेड
महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढं ढकलायची गोळी मेडिकलवरून आणून घेतात ना, तसं घेतलं असेल तर डॉक्टरला नक्की सांगा. घरचे लोक समोर असले तरी सांगा.

धाराशिव
माझ्या आत्याची पाळी बंद होऊन वर्षं झालेली आणि थोडासा डाग दिसला. ह्या वयात काय दाखवायचं म्हणत होती, वहिनीनं जबरदस्तीनं नेलं. पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला तर कॅन्सर, पण सुरुवातीचा. तिची पिशवी काढली ते बरोबरच झालं, आज ती शेतात जाते. पाळी बंद झाल्यावर एक थेंब दिसला तरी थांबू नका, हात जोडून सांगतो.

आशाताई, जालना
पाळी सात दिवसांच्या पुढं जायली तर दाखवायचंच. तासाला पॅड भिजायलं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडायल्या, चक्कर येऊन डोळ्यापुढं अंधारी यायली तर सकाळची वाट बघू नका. जाताना पाळीच्या तारखा आणि पॅड किती लागतात ते कागदावर लिहून न्या. रक्त (हिमोग्लोबिन) 12 च्या खाली असलं की लोहाच्या गोळ्या देतात, त्या लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. शी काळी होते, घाबरून गोळी बंद करू नका.

धागाकर्ती
सोमवारी जावेला संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यात घेऊन चाललेय, कागद लिहायला बसलोत दोघी. सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचं का?

आशाताई, जालना
हो, पोटावरून करतात त्याला लघवी भरलेली लागते. बाटली सोबत ठेवा, तिथं नंबरला वेळ लागतो.