नखे काढताना चावणारा जर्मन शेफर्ड : मुसके बांधावे की काम नाकारावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
मी दोन वर्षांपासून कुत्र्यांच्या ग्रूमिंगचे छोटे दुकान चालवतो. गेल्या आठवड्यात चार वर्षांचा जर्मन शेफर्ड आला. "तो काही करत नाही हो," असे मालक म्हणत असतानाच, मागच्या पायाची नखे काढायला घेताच त्याने माझे मनगट धरले. रेबीजची लस सुरू केली असून जखमही भरत आली आहे. परंतु तोच कुत्रा पुढील महिन्यात पुन्हा येणार आहे. कापडी मुसके बांधून अंघोळ, ड्रायर आणि नखे एकदमच उरकावीत, की काम नाकारावे?

उत्तर (सातारा)
आधी मुसके बदला. कापडी मुसक्यात तोंड मिटलेले राहते, आणि कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर सोडत असल्याने, सांगलीच्या उन्हाळ्यात तशा अवस्थेत ड्रायर लावल्यास उष्माघात होऊ शकतो. जाळीच्या मुसक्यात त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येते आणि फटीतून उकडलेल्या चिकनचा तुकडाही देता येतो. मात्र ते दुकानात एकाएकी चढवू नका. मालकांनी आधी काही दिवस घरी त्यात खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यावे.

गुरगुरल्याबद्दल कधीही दटावू नका, कारण गुरगुरणे सोडायला लावलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. त्याआधी तो ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो; अंग ताठ झाले की थांबा. अंघोळ एका दिवशी आणि नखे दुसऱ्या दिवशी, तीही एका वेळी दोन-तीनच, असे मी करतो. गिऱ्हाईक कुरकुरते, कुरकुरू द्यावे.

उत्तर (पशुवैद्य, मिरज)
पुढच्या पायांची नखे त्याने काढू दिली होती का? शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बऱ्याचदा आढळतो, आणि टेबलावर उभा करून मागचा पाय बाजूला ओढला की तो सांधा दुखतो. तपासणी होईपर्यंत पाय शरीराखालीच ठेवून, शक्य तितका कमी उचलावा. गुंगीची गोळी दुकानात देऊ नये, मालकांनी घरून आणलेली तर मुळीच नाही. गरज भासल्यास पशुवैद्याच्या देखरेखीखाली नखे काढता येतील. आपल्या लसीच्या सर्व मात्रा पूर्ण करा, जखम भरली म्हणून थांबू नका. यापुढे दात लागताच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्नकर्ता
पुढचे दोन्ही पाय त्याने निमूट दिले होते. आज मालकांना विचारले तेव्हा, दिवाळीपासून तो जिना चढायला टाळाटाळ करतो, हे त्यांनी प्रथमच सांगितले. सोमवारी एक्स-रे काढणार आहेत. जाळीचे मुसके मागवायचे आहे. थोबाडाचा घेर मोजण्यासाठी टेप मात्र मी मालकांच्याच हाती दिली.