अंथरुणाला खिळलेल्या आईच्या देखभालीसाठी शासकीय साहाय्य मिळते का?

कोरेगावकर: माझी आई ७८ वर्षांची असून पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळली आहे. अंघोळ घालण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सर्व कामांसाठी दिवसभराची बाई ठेवावी लागते. या खर्चाला शासनाचे साहाय्य मिळते का, आणि पात्रता काय असते?

कऱ्हाडवासी: बाईच्या पगारासाठी म्हणून वेगळे अनुदान माझ्या पाहण्यात नाही. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार व्यक्तीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, आणि ही मर्यादा आजच्या मजुरीकडे पाहता अव्यवहार्यच म्हणावी लागेल. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत करावा.

मिरजकर: मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदाच मिळतात, तेथे उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे. सत्तरीपुढील व्यक्तींच्या आयुष्मान कार्डाला उत्पन्नाची अट नाही, परंतु त्याचा उपयोग रुग्णालयात दाखल झाल्यावरच होतो, घरच्या शुश्रूषेसाठी नाही.

कोरेगावकर: आभारी आहे. उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्याने वयोश्रीचा अर्ज करता येईल. भावंडे मात्र खर्चात वाटा उचलत नाहीत.

वाईकर: तसे असल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे आईच्या नावे निर्वाहखर्च मागता येतो. आई स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असल्यास तिने अधिकार दिलेली व्यक्तीही तो करू शकते.