नानांचा काळा बॉक्स

नाना: सर्वांस नमस्कार. गौरीजेवणाच्या दिवशी माझ्या कपाटातला काळा बॉक्स कोणी नेला? संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं वॉर रिक्वीएम, मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना आणि युद्धकविता. डेका कंपनी, दोन रेकॉर्डी. मी कोणाचं नाव घेत नाही. ज्यांनी नेला त्यांना ठाऊक आहे.

माईआत्या: रविवारी माझ्याकडे ओंकारचं केळवण आहे. कोण कोण येणार ते आज रात्रीपर्यंत कळवा. पुरणपोळ्या सांगायच्या आहेत.

बंड्या: नाना, "नाव घेत नाही" म्हणजे माझंच ना? टर्नटेबल मी घेतला म्हणून.

नाना: ज्याला लागेल त्याला लागेल.

भाऊकाका: बंड्या, भीमसेनजींची रेकॉर्ड नेलीस ती चहाचा डाग घेऊन आली, हे मात्र सगळ्यांनी पाहिलंय 😄

बंड्या: डाग कव्हरवर होता. रेकॉर्डवर नाही. किती वेळा सांगू?

सायली (कॉव्हेंट्री): नानाआजोबा, मधेच विचारते, सॉरी. आमच्या कॉयरचं नोव्हेंबरात हेच आहे, वॉर रिक्वीएम! मी ऑल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात. ऑनलाइन कितीतरी रेकॉर्डिंग्ज दिसतायत, कुठलं ऐकून तयारी करू?

नाना: वा! १९६३ चं. ब्रिटननं स्वतः कंडक्ट केलेलं. दुसरं ऐकू नकोस.

जयूताई: नाना, "दुसरं ऐकू नकोस" काय? पोरीला गायचंय. चार ऐकू दे की.

नाना: ज्याने लिहिलं त्याला माहीत असतं कसं वाजवायचं.

जयूताई: सायली, १९६३ पासून सुरुवात कर, ते नानांचं बरोबरच आहे. लंडनला किंग्जवे हॉलमध्ये जानेवारीत केलेलं. ब्रिटनच्या डोक्यात तीन देशांचे तीन गळे होते. इंग्रज पीटर पिअर्स, जर्मन फिशर-डीस्काऊ, रशियन विश्नेव्हस्काया. डीस्काऊ स्वतः जर्मन सैन्यात होता, इटलीत युद्धकैदी झालेला. तो आणि पिअर्स शेवटी दोन मेलेले सैनिक होऊन एकमेकांना "आता झोपू या" म्हणतात, तिथे मी दरवेळी गप्प होते.

सायली (कॉव्हेंट्री): आणि पहिला प्रयोग आमच्याच कॅथीड्रलमध्ये! जुनं १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, भिंती अजून तशाच उभ्या आहेत. नवं शेजारीच. मी रोज तिथून जाते ऑफिसला.

जयूताई: हो, ३० मे १९६२. पण विश्नेव्हस्काया तेव्हा नव्हती गं. सोव्हिएत सरकारनं तिला येऊच दिलं नाही. हेदर हार्परनं दहा दिवसांत सगळं बसवलं आणि गायली. तो प्रयोग बीबीसीनं ध्वनिमुद्रित केला होता, आता सीडीवर मिळतो. चुका आहेत, खोकले आहेत, पण अंगावर काटा येतो.

माईआत्या: मी त्या वॉर रिक्वीएमची लिंक लावून पाहिली. आवाजच येत नाही. बिघडली आहे.

जयूताई: माई, सुरुवातच तेवढी हळू आहे. हेडफोन लाव. घंटा वाजतात त्या सा आणि तीव्र मध्यम. कोरसही तेच दोन सूर धरून पुटपुटतो.

भाऊकाका: सा आणि तीव्र म? पंचम नाही? म्हणजे टेकायला जागाच नाही की.

जयूताई: तेच तर. भागाच्या अगदी शेवटी कोरस हळूच एका शुद्ध कॉर्डवर उतरतो तेव्हा कुठे श्वास सुटतो. सगळं कामच तसं संपतं.

माईआत्या: आता ऐकू आलं. फार दुःखी आहे. केळवणाच्या आठवड्यात असलं लावू नये. आत्तापर्यंत फक्त भाऊचं उत्तर आलं आहे. बाकीचे?

भाऊकाका: सायली, ताल कसला गं यात?

सायली (कॉव्हेंट्री): डीएस इरे हा भाग सात मात्रांत आहे भाऊआजोबा. आणि ॲग्नस डेई पाचात. आमची कंडक्टर बोटं मोजायला लावते.

भाऊकाका: सात म्हणजे रूपक! सांग तिला, पुण्याहून एक माणूस तबला घेऊन यायला तयार आहे. विमानाचं तिकीट कॉयरनं काढावं.

नाना: विषय बॉक्सचा होता.

जयूताई: बॉक्स मिळेल हो. सायली, आवाज स्वच्छ हवा असेल तर कंडक्टर हिकॉक्सचं १९९१ चं घे. त्यात सोप्रानो, म्हणजे बाईचा उंच आवाज, हेदर हार्पर! जिनं पहिला प्रयोग वाचवला तिचं स्टुडिओ रेकॉर्डिंग व्हायला जवळपास तीस वर्षं लागली. आवाजाला वय लागलंय, पण मला ते आवडतं. तुझे ऑल्टो कोरसमध्ये काय करतात तेही त्यात नीट कळतं. १९६३ च्यात कोरस जरा मागे आहे.

नाना: मागे असायलाच हवा. १९६३ चं.

बंड्या: विश्नेव्हस्कायाला कोरसबरोबर वर सज्जात उभं केलं म्हणून ती जमिनीवर आडवी पडून किंचाळली होती, ते सांगा ना नाना. पुरुष गायक पुढे आणि मी मागे का म्हणून. तुम्हीच सांगायचात.

नाना: तिला रचना समजली नव्हती. सोप्रानो लॅटिनच गाते, ती कोरसबरोबरच असणार. दुसऱ्या दिवशी शांतपणे गायली. काहींना दुसरा दिवस उजाडला तरी समजत नाही.

बंड्या: हे मला होतं का?

स्मितावहिनी: नाना, बीपीची गोळी झाली का?

जयूताई: आणि त्याच सेशनला निर्माता कल्शॉनं ब्रिटनच्या तालमी गुपचूप टेप केल्या. पन्नासाव्या वाढदिवसाला भेट म्हणून दिल्या. ब्रिटन भयंकर वैतागला. आपल्याकडे कोणी कोणी फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतं, त्याची आठवण झाली.

भाऊकाका: ती व्हॉइस नोट चुकून गेली होती. तीन वेळा माफी मागितली आहे.

सायली (कॉव्हेंट्री): 🙈 अजून काय ऐकू ब्रिटनचं? रोज तासभर बस असते.

नाना: पीटर ग्राइम्स, एका कोळ्याचा ऑपेरा. १९५८ चं. कंडक्टर ब्रिटन, ग्राइम्स पिअर्स. प्रश्नच नाही.

जयूताई: आणि मग कॉलिन डेव्हिसचं, १९७८, जॉन व्हिकर्स. पिअर्सचा ग्राइम्स कवी वाटतो, नादी लागलेला. व्हिकर्सचा खरा कोळी आहे, अंगावर येणारा. ज्या माणसाला गाव घाबरेल असा.

नाना: ब्रिटनला स्वतःला व्हिकर्सचा ग्राइम्स आवडत नव्हता. मिटलं.

जयूताई: मिटलं कसं? बालगंधर्वांची पदं वसंतरावांनी त्यांच्या पद्धतीनं गायलीच ना? त्या रेकॉर्डी तुमच्याच कपाटात आहेत.

नाना: ते वेगळं.

जयूताई: कसं वेगळं?

नाना: वेगळं म्हणजे वेगळं. १९५८ चं घे सायली.

भाऊकाका: मला ते शिंगाचं आवडतं. सेरेनेड. सुरुवातीला एकटं हॉर्न वाजतं, चाव्या न दाबता. काही सूर बाजूला सरकल्यासारखे लागतात. लोक म्हणतात बेसूर. अरे, स्वयंभू आहेत ते! तानपुरा नीट लागला की गंधार बोलतो ना, त्याच घराण्यातले.

जयूताई: अगदी! ते डेनिस ब्रेनसाठी लिहिलेलं, १९४३. ब्रेन आणि पिअर्सचं १९४४ चं रेकॉर्डिंग खरखरतं, पण तेच ऐक. १९५७ मध्ये गाडीच्या अपघातात गेला बिचारा, छत्तिसाव्या वर्षी.

माईआत्या: परत विचारते. रविवार. केळवण. आकडा. पुरणपोळ्यावाली दोनदा फोन करून गेली.

स्मितावहिनी: आम्ही चौघं येतो माई. आणि नाना, बॉक्स मिळाला. माळ्यावर मखराच्या खोक्यात होता. खाली थर्माकोल, वर तो, त्यावर समया. मखर तुम्हीच भरलं होतं ना या वर्षी?

भाऊकाका: 😂😂😂

बंड्या: आता नाव घ्या.

(नाना यांनी हा मेसेज काढून टाकला आहे)

सायली (कॉव्हेंट्री): काय होतं त्यात? मला दिसलंच नाही!

जयूताई: जाऊ दे गं.

नाना: बॉक्स पाहिला. रेकॉर्डी आहेत. आतली पुस्तिका नाही. कवितांची. ती गौरीजेवणाच्या दिवशी कोण चाळत बसलं होतं, मला आठवतंय.

(बंड्या यांनी ग्रुप सोडला)

माईआत्या: म्हणजे बंड्या आणि त्याची बायको वजा करू का?