अनुभव धागा : वाट दाखवणाऱ्या पाट्या

अनोळखी स्टेशनात, एसटी स्टँडवर किंवा इस्पितळात पाय ठेवला की नजर आधी पाटी शोधते. सापडली तर आपण न थांबता पुढे जातो, नाहीतर पानवाला नाहीतर रिक्षावाला गाठतो. मी पाटी एकाच कसोटीवर पारखते: डावीकडे की उजवीकडे हे जिथे ठरवायचं असतं, तिथेच ती आहे का? जिना चढून गेल्यावर दिसलेल्या पाटीचा काय उपयोग? तुम्हाला कुठल्या पाटीने, रंगाने, खुणेने वाट दाखवली किंवा चुकवली ते लिहा. ती नेमकी कुठे होती तेही सांगा.

डोंबिवलीकर
दादरपासून सुरू करतो. २०२३च्या डिसेंबरपर्यंत तिथे दोन ‘एक नंबर’ होते, एक वेस्टर्नचा, एक सेंट्रलचा. ‘एक नंबरवर भेटू’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या? मेल पकडायला आलेली बाहेरगावची माणसं सामानासकट पुलावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत असायची. ९ डिसेंबरपासून वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे फलाट ८ ते १४ झाले. कारभार दोन रेल्वेंचा असला तरी प्रवाशाच्या लेखी दादर एकच आहे, हे तेव्हा कुठे मान्य झालं. कुठल्याही झगमगीत बोर्डापेक्षा मला हा बदल मोलाचा वाटतो.

इंडिकेटरवरची अक्षरं मात्र नवख्याला अजून छळतात. कल्याणच्या पुढे दोन फाटे फुटतात. कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’, कर्जतच्या गाडीला ‘एस’. आणि स्लो गाडीची खूणही ‘एस’च! रोजच्या माणसाला हे पाठ असतं, पण पाटी पाठ असलेल्यांसाठी लावतात का?

पांढरी काठी
मला दिसत नाही, त्यामुळे माझी पाटी पायाखाली असते. फलाटावरच्या त्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५मध्ये तयार केल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे कड आहे, जिना आहे किंवा वळण आहे. दोनच खुणा, पण त्यांच्यावर विसंबून मी एकटी फिरते.

म्हणूनच त्या चुकीच्या बसवल्या की जिवावर बेततं. एका स्टेशनात (नाव लिहीत नाही) पट्ट्यांची रांग सरळ खांबावर जाऊन धडकते. दुसरीकडे फरशी बदलताना ठिपक्यांच्या जागी पट्ट्या बसवल्या, म्हणजे ‘थांब’ म्हणायचं तिथे ‘चल’ म्हटलं. बसवणाऱ्या गवंड्याला त्यांचा अर्थ कोणी सांगितलाच नसणार. फरशा बसल्यावर काठी घेऊन चालणाऱ्या एका माणसाला तिथून चालवून बघा, एवढीच माझी मागणी आहे.

चांगलंही सांगते. मुंबईत लोकलचा अपंगांचा डबा जिथे थांबतो, तिथे बऱ्याच फलाटांवर बीप-बीप वाजत असतं. गर्दीत कोणाचा हात न धरता मी त्या आवाजाच्या रोखाने जाते.

घाटवाट
थोडक्यात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. रेंज नसलेल्या घाटात फाट्यानंतर आपण कुठल्या रस्त्याला लागलो ते यावरूनच कळतं. मुलांना जरूर शिकवा.

माळकरी
माउलींच्या पालखीसोबत चालतो. वारीत दिंडीचा नंबर हाच पत्ता. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि नंबर ट्रकवर, तंबूवर मोठा रंगवलेला. चुकलेल्या आजीला गावाचं नाव सांगून फारसा उपयोग होत नाही, पण ‘रथामागं अमुक नंबर’ एवढं सांगता आलं की कोणीही वारकरी तिला तळावर आणून सोडतो. आमच्या दिंडीत म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी घालतोच.

रात्रपाळी
वडिलांना एका मोठ्या इस्पितळात दाखल केलं होतं. जमिनीवर रंगीत पट्ट्या होत्या, निळी रक्ततपासणीला, लाल एक्स-रेला. कल्पना फार चांगली. पण लाल पट्टी लिफ्टच्या दारात संपली. कितव्या मजल्यावर जायचं ते लिफ्टबाहेरही नाही, आतही नाही. जिथे एक्स-रेची पाटी होती, तिथलं दार दिवसभर उघडं आणि पाटी त्या दारामागे झाकलेली. पेशंटची खुर्ची ढकलत असताना मागे वळणं किती अवघड असतं, हे पाटी लावणाऱ्याने एकदा खुर्ची ढकलून बघावं.

निशीकासाई
तोक्योत राहते. इथे २००४पासून मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनाला मार्गिकेचं अक्षर आणि आकडा आहे. आमचं निशीकासाई ‘टी-१६’. आई पुण्याहून आली, तिला ना जपानी वाचता येतं ना इंग्रजी. तिला एवढंच सांगितलं: आपल्या मार्गिकेची खूण निळा गोल, आणि आकडा १६ झाला की उतर. आकडे एकेकाने वाढतात की कमी होतात, यावरून गाडी बरोबर दिशेची आहे ना तेही तिला कळायचं. आठवडाभरात ती एकटी देवळात जाऊन यायला लागली.

धागाकर्ती
@निशीकासाई, पुण्यातही हे करून बघण्यासारखं आहे. मेट्रोच्या जिल्हा न्यायालय स्टेशनला जांभळी मार्गिका जमिनीखाली आणि अ‍ॅक्वा मार्गिका वर उंचावर, मधे कितीतरी जिने. गाडीतून उतरल्यापासून दुसऱ्या फलाटापर्यंत रंगाची पट्टी सलग हवी, आणि @रात्रपाळी म्हणतात तशी ती लिफ्टमध्ये तुटता कामा नये. तिथे रोज गाडी बदलणाऱ्यांनी पुढे लिहा: तुम्ही कुठे अडखळता?