औसा तालुक्यातील माळवदाचे घर: छतावर काँक्रीट टाकावे का?

प्रश्न

आमचे वडिलोपार्जित घर औसा तालुक्यातील एका गावात आहे. सात खणांचे (तुळयांमधील सात गाळ्यांचे) माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छत, अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, मध्ये चौक, पुढे ढाळज (दाराशी बसण्याची पडवी) आणि आतल्या भिंतीत आता रिकामे पडलेले धान्य साठवण्याचे बळद अशी त्याची रचना आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा घर पडले नाही. मात्र उत्तरेकडील भिंतीला तेव्हापासून बाहेरच्या अंगाने पोट आले आहे. अलीकडे पावसाळ्यात स्वयंपाकघरातील तुळईच्या टोकाशी पाणी झिरपते आणि तेथील किलचन (तुळयांवर अंथरलेल्या लाकडी चिपा) हाताने दाबले तरी भुसा गळतो.

ठेकेदाराच्या मते माळवदावर तीन इंच काँक्रीट टाकावे आणि भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करावा, म्हणजे कटकट कायमची मिटेल. थोरले बंधू पुण्यात असतात. सगळे पाडून स्लॅबचे घर बांधावे असे त्यांचे म्हणणे आहे. आई मात्र उन्हाळ्यात याच घरात राहते आणि तिला ते सोडवत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, लातूर

काँक्रीट टाकू नये. माळवद गळू लागले की दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती पसरून चोपण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु जुनी माती खाली कोणी उतरवत नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जाऊन तो दीड-दोन फुटांपर्यंत पोचतो. एक घनफूट कोरडी माती साधारण ४५ किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती असेल, तर तुळयांवर जवळजवळ अकरा टन ओझे आहे, आणि भिजल्यावर ते आणखी वाढते. तीन इंच काँक्रीटने त्यात दोन टनांची भर पडेल. शिवाय खालचे लाकूड ऋतूंप्रमाणे फुगते-आकसते, वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही. त्याला तडे जातात, पाणी आत शिरते आणि ते कोठून शिरले हेही नंतर कळत नाही. १९९३ साली किल्लारी परिसरात इतकी माणसे दगावली याचे एक मोठे कारण हेच, की डोक्यावर हे ओझे होते आणि त्याला धरणाऱ्या दगडमातीच्या भिंती धक्क्यात फुटल्या. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्यात गेला.

म्हणून प्रथम माळवदाला एका कोपऱ्यात छोटा खड्डा घेऊन मातीचा थर मोजावा. नंतर तुळयांना खालून टेकू देऊन, एकाच बाजूला ढीग न करता सगळीकडून सारखी माती उतरवावी. कुजलेले किलचन व तुळई बदलून त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, वर आठ इंचांपेक्षा जास्त माती ठेवू नये आणि पन्हाळीकडे उतार नीट द्यावा. तेवढ्याने त्याच खोलीवरचे ओझे साडेतीन टनांच्या आसपास येते.

आता भिंत. आपल्याकडील जुन्या भिंतीचे दर्शनी आणि आतले असे दोन पदर वेगळे रचलेले असतात आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना धरणारे लांब आरपार दगड नसले, की धक्का बसल्यावर किंवा पाणी मुरल्यावर बाहेरचा पदर सुटून फुगतो. आपण म्हणता ते पोट म्हणजे हेच. फुगलेला भाग टेकू देऊन, थोडा थोडा उतरवून, आरपार दगड घालून पुन्हा रचावा लागेल. उरलेल्या भिंतीत सुमारे मीटरभर अंतराने आरपार भोके घेऊन, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई त्यांत काँक्रीटमध्ये बसवता येते. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांत तिरके आधार मारून घ्यावेत, कारण पुष्कळ घरांत तुळई खांबावर नुसती टेकवलेली असते. माळवदावर पाण्याची टाकी असल्यास ती आधी खाली घ्यावी. हजार लिटर म्हणजे एक टन.

उत्तर : जुन्या वाड्याच्या रहिवासी, अंबाजोगाई

वरील उत्तराशी सहमत आहे. गिलाव्याबद्दल मात्र स्वतंत्रपणे लिहिते. दगडमातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि ती पृष्ठभागातून उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल वर चढत राहते, क्षार बाहेर येतात आणि भिंतीला लोणा लागतो. आमच्या गल्लीतील एका घराला असा गिलावा केल्यावर थोड्याच काळात तो पापुद्रे धरून सुटला आणि त्याच्याबरोबर सांध्यांतली मातीही निघून आली. आम्ही भिजवून मुरवलेला चुना आणि वाळू वापरली; जुने मिस्त्री त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालतात. हे काम सावकाश सुकते, आणि घाई असणाऱ्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. न्हाणीघर आणि शौचालय मुख्य भिंतीला खेटून बांधू नका. उधई (वाळवी) प्रामुख्याने भिंतीत खोचलेल्या तुळईच्या टोकाला लागते, तेव्हा वरून धडधाकट दिसणारे टोकही हातोडीने वाजवून पाहावे.

उत्तर : शेतकरी, निलंगा

मी थोडे विरुद्ध बोलतो, राग मानू नये. माळवद हे दरवर्षी माणूस मागते. त्यावर उगवलेले गवत उपटणे, भेगा बुजवणे, पन्हाळी मोकळ्या ठेवणे ही कामे करायला गावात आता मजूर सहजी मिळत नाही. आईंच्या पश्चात तेथे कोणी राहणार आहे का, याचे उत्तर आधी भावंडांनी द्यावे. घर बंदच राहणार असेल, तर लाखो रुपये घालून एका पावसाळ्यात ते पुन्हा गळू देण्यापेक्षा सागवान उतरवून विकलेले बरे. पत्र्याचा विचार मात्र करू नका. वैशाखात त्याखाली बसवत नाही.

उत्तर : वकील, उदगीर

खर्च करण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीवर, कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिकाही काढून घ्यावी. एका भावाने पैसे घालायचे आणि वारसांचे हिस्से तसेच ठेवायचे, यातून पुढे दावे उभे राहतात. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करायचे तर ते नोंदणीकृतच करावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. स्वयंपाकघरावर खड्डा घेऊन पाहिला, थर बावीस इंच निघाला. हा आकडा ऐकून बंधूंनी काँक्रीटला स्पष्ट नकार दिला. पाडण्याचा आग्रह त्यांनी अजून सोडलेला नाही, परंतु माती उतरवण्याचा निम्मा खर्च ते देणार आहेत आणि नमुना ८ ची नक्कल मी मागवली आहे. दिवाळीनंतर माती उतरवावी आणि होळीपर्यंत उत्तरेची भिंत रचून घ्यावी, असा बेत आहे. अंबाजोगाईच्या ताईंना एक विचारायचे आहे: उतरवलेल्या मातीतली चोपण (घट्ट बसणारी खारी) माती चाळून पुन्हा वरच्या थराला वापरली तर चालते का, की नवीच आणावी?

उत्तर : जुन्या वाड्याच्या रहिवासी, अंबाजोगाई

चालते. मुळे आणि खडे तेवढे काढून टाका, आणि उरलेली माती घराच्या जोत्याला लावून ढीग घालू नका. ती पावसाचे पाणी अडवते आणि ते घराच्या पायात मुरते.