पुण्याजवळ आई आणि तिच्या मैत्रिणींसाठी सोपी चाल सुचवा

पायवाट: आई आणि तिच्या तीन मैत्रिणी, वयं ६३ ते ७१. रोज बागेत फेऱ्या मारतात, डोंगरात कधी गेलेल्या नाहीत. आईचा उजवा गुडघा उतरताना दुखतो. डिसेंबरात एका दिवसात जाऊन यायचंय, मी सोबत आहे. चाल दोन तासांची, चढ जवळजवळ नको. पाच जणींचे मिळून दोन हजार, प्रवास-जेवण धरून. गाडी नाही.

घाटमाथा: माथेरान! दस्तुरीच्या पुढे मोटारी बंद, त्यामुळे हॉर्न नाही, धूर नाही. लाल मातीच्या रुंद वाटा आणि वर गर्द झाडी. अमन लॉज स्टेशनपासून गावापर्यंत छोट्या रेल्वेची शटल गाडी आहे. शार्लोट तलावापर्यंत आमचे सासरे ऐंशीव्या वर्षी चालत गेले. मात्र एक रात्र राहाच, धावतपळत माथेरान बघू नये.

दगडफूल: जागा नंतर, आधी बूट! मी सात हजारांचे घेतले, घोट्याच्या वर येणारे. चौघींना तसेच घ्या, आणि प्रत्येकीला दोन-दोन काठ्या.

निवृत्त_मास्तर: सपाट वाटेला सात हजारांचे बूट कशाला? अ‍ॅक्शन ट्रेकिंगच्या बुटांवर मी निम्मा सह्याद्री फिरलो. बूट कुठलेही घ्या, पण नवे घालून थेट जाऊ नका, आधी आठवडाभर बागेत वापरा.

दगडफूल: मास्तर, घोटा मुरगळला की मग कळतं.

इंद्रायणीकाठ: भाजे लेणी. लोकलने मळवली, पुढे गावातून चालत. पायऱ्या आहेत, पण कार्ल्याइतक्या नाहीत. दुपारी लोकल कमी असतात, वेळापत्रक बघून निघा.

काकू_डोंबिवली: पायऱ्या नकोच! माझ्या नणंदेला चढताना काही वाटलं नाही, उतरताना गुडघा असा धरला की दोघांनी आधार देऊन खाली आणलं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओने शिकवलेलं सांगते: काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, म्हणजे तुमच्या आईने डाव्या. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. घरच्या जिन्यावर सराव करून घ्या.

खडकवासलेकर: सिंहगड. गाडीने वरपर्यंत जाता येतं. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, अजून काय हवं?

निवृत्त_मास्तर: रविवारी त्या गर्दीत? आणि पिठल्याला पूर्वीची चव राहिली नाही.

खडकवासलेकर: मी मंगळवारी जातो. चव उत्तम आहे.

लाल_माती: माथेरानला +१. वर मोटारी नाहीत हे फार मोठं सुख.

सुगरण_पुणे: कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. या वयाच्या बायका बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी उन्हात डोकं दुखतं, गरगरतं, आणि आपण म्हणतो वय झालं. आमच्या भिशीच्या सहलीत एकीला असंच झालं. तिची रक्तदाबाची गोळीसुद्धा त्याच भीतीने घ्यायची राहिली होती, कारण ती घेतली की सारखं जावं लागतं. तेव्हा वाटेत कुठे कुठे सोय आहे ते आधी फोन करून विचारा आणि चौघींना सांगा. सोय आहे हे कळलं की त्या पाणी पितात. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पायवाट: सगळ्यांचे आभार. आईशी बोलले. चौघींनी परस्पर वाई ठरवलंय. स्वारगेटहून एसटी, ढोल्या गणपती, तिथून मेणवलीपर्यंत साधारण तीन किलोमीटर चालत. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा बघायची. परतताना रिक्षा. डोंगर नाहीच, पण आईला नदीकाठ हवाय.

घाटमाथा: डांबरी रस्त्यावर चालायला वाईपर्यंत कशाला? पुन्हा विचार करा.

काकू_डोंबिवली: छान ठरवलंत. घाटाच्या पायऱ्यांवर आईचा हात धरा, ओल्या असतात.

निवृत्त_मास्तर: एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, वय कितीही असो. दोन हजारांत जेवणही नीट होईल. परतीच्या गाडीची वेळ वाईला उतरल्यावर लगेच विचारून ठेवा.

पायवाट: अर्ध्या तिकिटाचा हिशेब मी धरलाच नव्हता! काकू, काठी आजच आणते. सुगरणताई, वाडा आणि जेवणाचं ठिकाण, दोन्हीकडे उद्या फोन करून सोय विचारते.

दगडफूल: बुटांचं काय ठरलं?