टेस्टोस्टेरॉन एनान्थेट: एकदा १३५०, एकदा २१०. खरा रिपोर्ट कुठला?

निशिगंध: रुग्ण ५२ वर्षांचा, हायपोगोनॅडिझम (शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी बनतं). दर २१ दिवसांनी एनान्थेट (तेलातलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन) २५० मिग्रॅ, कमरेत. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सुईनंतर तिसऱ्या दिवशी १३५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, विसाव्या दिवशी २१०. शेवटच्या आठवड्यात थकवा, चिडचिड. डोस वाढवावा का? शिवाय थंडीत अँपूलमध्ये खडे धरलेत, फेकायचं का?

तिरकीसुई: दोन्ही खरे. एनान्थेटचं अर्धायुष्य (औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण साडेचार दिवस, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात टाकी रिकामीच. डोस वाढवलात तर शिखर आणखी चढेल, दरी फारशी भरणार नाही. २१ दिवसांत २५० म्हणजे आठवड्याला ८३ मिग्रॅ. एकूण माप ठीक आहे, वाटणी चुकतेय. नेहमीची पद्धत आठवड्याला ७५ ते १०० किंवा १५ दिवसांनी १५० ते २०० मिग्रॅ. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. मग रक्त दोन सुयांच्या बरोबर मधल्या दिवशी द्या. ३५० ते ६०० च्या बाहेर गेलं तर डोस किंवा अंतर बदलतात. सुईचा दिवस न लिहिलेला रिपोर्ट निरुपयोगी.

कंपाउंडर: खडे थंडीने धरतात. अँपूल न फोडता कोमट पाण्यात धरा, हलवा, तेल नितळ झालं की चालेल. उकळू नका. गढूळच राहिलं तर टाकून द्या.
१ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ७५ मिग्रॅ म्हणजे ०.३ मिली. ते ५ मिलीच्या सिरिंजवर मोजता येत नाही, १ मिलीची घ्या. इन्सुलिनची नको, तिच्या बारीक सुईतून तेल सहज सरकत नाही. ओढायला २१ नंबरची सुई, टोचायला नवी २३ नंबरची (नंबर मोठा तशी सुई बारीक). सावकाश सोडा, दर वेळी बाजू बदला. उरलेलं तेल पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचं नाही, फोडलेलं अँपूल साठवत नाहीत. खर्च वाढतो, हे खरंच.

निशिगंध: त्यापेक्षा सस्टॅनॉन (टेस्टोस्टेरॉनचं दुसरं इंजेक्शन) बरं का? त्यात चार एस्टर, म्हणजे एनान्थेटसारखी टेस्टोस्टेरॉनची चार रूपं आहेत म्हणे.

तिरकीसुई: चार आहेत, पण ३० मिग्रॅ प्रोपिओनेट पहिल्याच दिवसांत उसळतं. तीन आठवड्यांची दरी तिथेही येतेच. आणि त्यात शेंगदाण्याचं तेल असतं. ॲलर्जी असेल तर नाव काढू नका.

कंपाउंडर: हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) कुणी विचारलंच नाही! सुरू करण्याआधी, ३ ते ६ महिन्यांनी, मग वर्षाला एकदा. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर सुई थांबते. वयामुळे पीएसएही (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करा. आणि मूल हवं असेल तर हे औषधच नको, शुक्राणू घटतात. त्याला एचसीजी या दुसऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनचा वेगळा रस्ता आहे.